बंद कंपनीचं देणं

कंपनी बंद पडली की आधी गेटवर टाळं लागतं, मग यंत्रं भंगारात जातात, आणि बऱ्याच वर्षांनी त्या जागेवर टॉवर उभा राहतो. तिथं राबलेला माणूस दरम्यान कुठं सिक्युरिटीत लागतो, कुठं रिक्षा चालवतो, नाहीतर गावी जाऊन बसतो. आणि एक दिवस वारतो. घरच्यांच्या हाती उरते एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात पीएफच्या दोन-चार स्लिपा, ईएसआयचं कार्ड, नशीब असेल तर नेमणुकीचं पत्र. आता ती कंपनी या माणसाचं काही देणं लागते का, आणि लागत असली तर त्याच्या मागं लागावं का, यावरून घराघरांत तट पडतात. एकाचं म्हणणं, घामाचा पैसा आहे, सोडायचा नाही. दुसऱ्याचं म्हणणं, गेलं ते गेलं, आईला या वयात ऑफिसांचे जिने चढायला लावू नका.

खालच्या संवादातले मामा आणि भाची मी बेतलेले आहेत, त्यांच्या घरची हकिकतही. कायदे, योजना आणि दर तेवढे बेतलेले नाहीत. भाचीचे वडील भांडुपला एलबीएस मार्गावरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात १९७९ साली लागले. १९९८ ला टाळं लागलं, २००४ ला हायकोर्टानं कंपनी गुंडाळायचा हुकूम दिला आणि २०१५ च्या मार्चमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, वडील वारले. मामा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होता. पुढं जन्मभर एका युनियनच्या कचेरीत लोकांचे अर्ज लिहीत बसला. भाची फोर्टात, दिवाळखोरीत निघालेल्या कंपन्यांची प्रकरणं बघणाऱ्या एका कार्यालयात नोकरीला आहे. म्हणजे दोघंही या विषयातले, फक्त टेबलाच्या दोन बाजूंचे.

भाची : मामा, आईच्या डोक्यात तू हे पुन्हा भरवू नकोस. काल रात्रभर ती पिशवीतले कागद लावत बसली होती. कंपनी गेली, बाबा गेले. मी रोज असल्या याद्या बघते. वर बँका, खाली कामगार, आणि विकायला उरलेलं काय तर गंजलेली शेड.

मामा : याद्या बघतेस ते ठीक आहे. पैसा कुणाकडे आहे ते बघितलंस का?

भाची : कंपनीकडे. म्हणजेच नाहीये.

मामा : इथंच तुझी गाडी अडते. दाजींच्या पगारातून जो पैसा कापला तो कंपनीकडे राहायचाच नव्हता. पीएफचा कायदा १९५२ चा. कापायचं काम मालकाचं, पण ठेवायची जागा सरकारी. मालक बुडाला म्हणून भरलेला पीएफ बुडत नाही.

भाची : माहितीये मला. पण पीएफ बाबांनी १९९९ लाच काढला. त्या पैशात आपण भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरलं. तो विषय तिथंच संपला.

मामा : पीएफ काढला. पेन्शन काढली का?

भाची : कसली पेन्शन? बाबा सरकारी नोकरीत थोडेच होते?

मामा : हेच! तू कायद्याच्या ऑफिसात आहेस आणि तुलाही हे कुणी सांगितलं नाही. १ मार्च १९७१ पासून पीएफवाल्या कामगारांसाठी कुटुंब पेन्शन योजना होती. १६ नोव्हेंबर १९९५ ला तिच्या जागी आताची पेन्शन योजना आली. तेव्हापासून मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पीएफमध्ये जातच नाहीत, पेन्शनच्या खात्यात जातात. आणि नोकरी दहा वर्षांच्या वर झाली असेल तर ते पैसे उचलून नेता येत नाहीत. सर्टिफिकेट घ्यायचं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू करायची. दाजींची एकोणीस वर्षं भरली होती. अठ्ठावन्न व्हायच्या आत गेले. म्हणजे ती पेन्शन ताईची.

भाची : किती?

मामा : सप्टेंबर २०१४ पासून खालची मर्यादा महिना हजार. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून ती लागू. दहाच वर्षं धरली तरी एक लाख वीस हजार थकले, आणि पुढं ताई आहे तोवर दर महिन्याला. आणि तुझंही निघतं. दाजी गेले तेव्हा तू तेवीसची होतीस ना? पंचवीस पूर्ण होईपर्यंत मुलांना विधवेच्या पेन्शनचा पाव हिस्सा, कमीत कमी अडीचशे. दोन वर्षांचे तुझे सहा हजार.

भाची : माझे सहा हजार! मामा, मी हसू की रडू? महिना हजारात आजकाल गॅसचा सिलिंडर आला की बाकी काय उरतं?

मामा : काहीच उरत नाही. पण सिलिंडर तर येतो.

पीएफ आणि पेन्शन हे एकाच पावतीवर कापले जाणारे, पण दोन वेगळ्या खात्यांत जाणारे पैसे आहेत, हे कामगाराला कुणी नीट सांगितलंच नाही. गेट बंद झाल्यावर लोकांनी पीएफ काढला, कारण तो रोख होता आणि घरात चूल पेटवायची होती. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षाची. चाळिशीतल्या बेकार माणसाला ती आठवायची कशी? आणि आठवली असती तरी ते सर्टिफिकेट मागायला मालकाच्या सहीचा फॉर्म लागायचा, मालक तर फरार. कंपनी बुडाली म्हणून पैसे बुडाले असं जिथं घरचे समजतात, तिथं कितीतरी वेळा कंपनीचा त्या पैशांशी संबंधच उरलेला नसतो. मला मामाचं हे म्हणणं पूर्ण पटतं. पुढं मात्र भाचीनं त्याला जिथं पकडलं तिथं तीही चुकलेली नाही.

भाची : बरं, फॉर्म भरला समज. त्यावर मालकाची सही आणि शिक्का लागतो. कुठून आणणार?

मामा : लागत नाही. आस्थापना बंद असेल तर ज्या बँकेत खातं आहे तिचा मॅनेजर, पोस्टमास्तर, राजपत्रित अधिकारी, आमदार, यांच्यापैकी कुणीही साक्षांकन केलं तरी चालतं. फॉर्म वीस पीएफचा, दहा-डी पेन्शनचा, पाच-आयएफ विम्याचा. आता तर मृत्यूच्या दाव्याला एकच एकत्रित फॉर्म आहे.

भाची : ते झालं ओळखीचं. नोकरीचा पुरावा? बाबांच्या वेळी यूएएन, म्हणजे पीएफचा एकच कायमचा नंबर, नव्हता; तो आला २०१४ ला. स्लिपेवरचा नंबर जुना. मुंबईत आधी सगळं वांद्र्याला होतं, मग ठाणे, कांदिवली, वाशी अशा वाटण्या झाल्या. फाईल कुठं गेली ते तिथल्या माणसालाही सांगता येणार नाही. "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असा एक कागद हातात देतील आणि आई तो घेऊन घरी येईल.

मामा : रेकॉर्ड उपलब्ध नाही म्हणाले की मी विचारतो, फॉर्म ९ बघितलात का? ३-ए? ६-ए? दर वर्षी प्रत्येक कामगाराच्या नावावर किती भरले याचं विवरण मालकानं पीएफ ऑफिसला दिलेलं असतं. ते कंपनीच्या कपाटात नसतं, त्यांच्या कपाटात असतं. आणि तू मघाशी काय म्हणालीस, पीएफ १९९९ ला काढला? अगं, काढला हाच पुरावा! फॉर्म १९ भरल्याशिवाय, नोकरीच्या तारखा दिल्याशिवाय पैसे मिळाले का? ताईच्या पासबुकात ती नोंद असेल. ज्याला तू शेवट म्हणतेस तिथून मी सुरुवात करतो.

भाची : (जरा थांबून) हे मला सुचलं नव्हतं.

मामा : सुचणार नाही. तुमच्याकडे कागद टाइप होऊन येतात. आम्ही ते लोकांच्या पेट्यांतून काढले. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायची होती तेव्हा बघितलंयस ना तू? १ जानेवारी १९८२ ला मस्टरवर नाव होतं हे दाखवायचं. त्यासाठी तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, पगाराची पावती, ईएसआयचा नंबर, जे असेल ते. आणि बदली कामगार? त्याचं काम रोज गेटवर ठरायचं. त्यानं कागद कुठून आणायचा? मस्टरवर नाव नुसतं "सखाराम रामा", आधारावर आडनावासकट. मग अॅफिडेव्हिट करा, की सखाराम रामा आणि हा सखाराम एकच. २०१२ च्या जूनमध्ये म्हाडानं पहिली सोडत काढली तेव्हा किती जणांच्या जागी त्यांची पोरं, सुना रांगेत होत्या.

भाची : आणि किती जण रांगेतच गेले? मामा, मी तुला एक स्पष्ट सांगू? हा तुझा ब्याऐंशीचा संप आहे. तो तुमचा संपलाच नाही. १८ जानेवारीला बाहेर पडलात ते अजून आत आला नाहीत. तो लढा तू लढ. आईच्या सहीनं नको लढूस.

मामानं यावर काही म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला लिहिताना वाटलं. पण मामा गप्प बसणाऱ्यातला नाही.

मामा : संप मी हरलो, हे मला तू सांगायला नको. अडीच लाख माणसं होतो, सगळेच हरलो. पण हरलेल्या माणसाचाही पीएफ असतो, पोरी. मी तेव्हाही हेच सांगत होतो, आमचे पुढारी भाषणं ठोकत होते तेव्हा. मागणी वेगळी आणि थकबाकी वेगळी. मागणीला ताकद लागते. थकबाकीला कागद लागतो. ताईला मी मोर्चात नेत नाहीये.

भाची : चल, पेन्शन दिली तुला. त्याचा अर्ज मी स्वतः भरते. पण तू काल आईला ग्रॅच्युइटीचंही सांगितलंस. ते खोट्या आशेला लावणं आहे.

मामा : का? ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. शेवटचा पगार, म्हणजे मूळ आणि महागाई भत्ता, याला भागिले सव्वीस गुणिले पंधरा, आणि त्याला वर्षांनी गुणायचं. दाजींचे ५,२०० होते. वर्षाला तीन हजार बसतात. एकोणीस वर्षांचे सत्तावन्न हजार.

भाची : हिशोब बरोबर. देणार कोण? पीएफ सरकारकडे भरलेला असतो. ग्रॅच्युइटी मालकाच्या वहीत नुसती लिहिलेली असते. पैसा वेगळा काढून ठेवायची सक्ती कुठं होती? १९८७ च्या दुरुस्तीत विम्याच्या सक्तीचं कलम घातलं, ४-ए. पण ते कधी लागू करायचं हे सरकारांवर सोडलं. कर्नाटकानं ते लागू केलं २०२४ मध्ये! सदतीस वर्षांनी. बाबांची कंपनी तोवर मातीला मिळाली होती.

मामा : काही कंपन्या एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी योजनेत पैसे भरायच्या. एलआयसीच्या पेन्शन आणि ग्रुप स्कीमच्या शाखेत विचारायला काय जातं?

भाची : विचार. भरले असतील तर मी पेढे वाटीन. पण नसतील तर ऐक, कारण हे माझं रोजचं काम आहे. कायदा कागदावर कामगाराच्या बाजूनंच आहे. १९८५ ला कंपनी कायद्यात ५२९-ए आलं: कंपनी गुंडाळली तर कामगारांचं देणं आणि तारण घेतलेल्या बँकेचं देणं एकाच पंगतीला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तर पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांचा पैसा लिलावाच्या मालमत्तेत धरायचाच नाही असं कलम आहे, ३६(४). एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२२ ला ते पुन्हा ठासून सांगितलं.

मामा : मग झालं की!

भाची : काय झालं? लिलावातून वगळायचा म्हटलं तर आधी तो पैसा असावा लागतो ना? मालकानं ग्रॅच्युइटीचा निधीच काढला नसेल तर कंपनी विकून देणी फेडणाऱ्या लिक्विडेटरनं काय वगळायचं? लँको इन्फ्राटेकच्या प्रकरणात कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणानं हेच म्हटलं, की निधी नसेल तर लिक्विडेटरवर तो उभा करायची जबाबदारी नाही. जेट एअरवेजमध्ये त्याच न्यायाधिकरणानं २०२२ ला उलट सांगितलं, की कंपनी घेणाऱ्यानं पीएफ आणि ग्रॅच्युइटी भरून द्यावी. सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. पुढं काय झालं? घेणाऱ्यानं पैसे भरले नाहीत आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टानं जेटचं लिक्विडेशनच जाहीर केलं. सहार विमानतळावर ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली ते एप्रिल २०१९ पासून वाट बघतायत. त्यांच्याकडे वकील होते, संघटना होती, पेपरवाले होते. बाबांकडे काय होतं?

इथं मी भाचीच्या बाजूला जातो. निधी न ठेवता नुसता हक्क लिहून देणारा कायदा कामगाराला फार तर कोर्टात उभं राहायची जागा देतो. ४-ए हे कलम १९८७ लाच सगळीकडे लागू झालं असतं तर या संवादातला अर्धा वाद झालाच नसता. पण ज्या कलमानं मालकाला दर वर्षी खिशात हात घालावा लागतो ते कलम कपाटात राहतं, आणि ज्या कलमानं कामगाराला दाद मागता येते ते लगेच लागू होतं; दाद मागायला सरकारचं काही खर्ची पडत नाही ना.

मामा : म्हणजे तुझ्या मते लिक्विडेटरकडे जायचंच नाही.

भाची : (काही क्षण थांबून) एक गोष्ट आहे. मी तुला मघाशी सांगितली नाही.

मामा : बोल.

भाची : बाबांची कंपनी नव्या संहितेतली नाही. ती हायकोर्टाच्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे गेली. एलबीएस मार्गावरची जागा आहे, मामा. तिला भाव आला असणारच. ती विकली की कामगारांकडून दावे मागवतात, अॅफिडेव्हिट घेतात, पेपरात जाहीर नोटीस येते. बहुतेक वेळा युनियन सगळ्यांची मिळून एकच यादी देते. बाबांचं नाव त्या यादीत असेल, रक्कम मंजूर झाली असेल आणि घ्यायला कुणी गेलं नसेल, असंही होऊ शकतं.

मामा : आणि न उचललेला पैसा?

भाची : तो लिक्विडेटर खिशात घालत नाही. सहा महिने वाट बघून रिझर्व्ह बँकेतल्या कंपनी लिक्विडेशनच्या खात्यात भरतात. तिथून मागता येतो. पंधरा वर्षांनी सरकारच्या महसुलात जातो. तरी मागायचा हक्क जात नाही.

मामा : हे तुला ठाऊक होतं आणि तू ताईला "गेलं ते गेलं" सांगत होतीस?

भाची : कारण हे "असेल तर" आहे! दहा "असेल तर" मी आईच्या हातात देऊ? नोटीस आली तेव्हा बाबा नालासोपाऱ्याला वॉचमन होते, रात्रपाळीला. त्यांच्या हाती तो पेपर आला असेल का? आणि आपण विचारायला गेलो की बाहेर चहाच्या टपरीवर कोण बसलेलं असतं ते तुलाही माहीत आहे. "वहिनी, वीस टक्के द्या, मी करून देतो." गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक बाई आल्या. एजंटानं सह्या घेतलेल्या, त्यांच्या नावानं दुसरंच खातं उघडलेलं.

एजंटांबद्दल दोघांचं एकमत होतं, म्हणून ते बोलणं मी गाळतो. एवढंच, की कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही आणि मूळ कागद कुणाच्या हातात सोडायचा नाही, यावर मामानं एक छोटं व्याख्यान दिलं. मग त्यानं भाचीला, कंपनी गुंडाळली नसून नुसती नोंदणीवहीतून वगळली असेल तर काय करतात, हे विचारलं. त्याच्या एका जुन्या सोबत्याचं प्रकरण तसं होतं. मामाला उत्तर येत नव्हतं, तिलाच येत होतं. २०१७-१८ च्या आसपास रजिस्ट्रारनं विवरणपत्रं न भरणाऱ्या दोन लाखांवर कंपन्या नोंदणीतून काढल्या. कामगारांना वाटलं, कंपनीच राहिली नाही. पण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या २५२ व्या कलमाखाली ज्याचं देणं राहिलंय असा कामगारही वीस वर्षांच्या आत ती कंपनी पुन्हा नोंदणीवर आणायला न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, आणि तोवर संचालकांची जबाबदारी संपत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की ती चालू आहे, वगळलेली आहे की लिक्विडेशनमध्ये, हे कुणालाही फुकट दिसतं. दावा कुठल्या दारी न्यायचा हे त्या एका ओळीवर ठरतं, आणि तीच ओळ लोक शेवटी बघतात.

मामा : विम्याचं राहिलं. पीएफला जोडून विमा असतो, आता सात लाखांपर्यंत.

भाची : तो नाही मिळणार. नोकरीत असताना मृत्यू आला तरच. २००४ चा हुकूम हीच कायद्यानं सगळ्यांना दिलेली नोकरी संपल्याची नोटीस. बाबा त्यानंतर अकरा वर्षांनी गेले.

मामा : बरोबर. पण मग त्याच न्यायानं मला सांग, टाळं १९९८ ला लागलं आणि नोकरी संपली २००४ ला, तर मधली सहा वर्षं कुणाची? ग्रॅच्युइटीला वर्षं एकोणीस धरायची की पंचवीस?

भाची : हे मात्र भांडण्यासारखं आहे.

मामा : बघ! आलीस ना?

भाची : आले नाही. भांडण्यासारखं आहे म्हणजे आई भांडेल असं नाही. आणि घरचं काय? नॉमिनेशन कुणाच्या नावावर आहे ठाऊक आहे का तुला? बाबा लागले तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांनी अण्णाकाकाचं नाव टाकलं असणार.

मामा : पीएफच्या योजनेत ते लग्न झाल्याबरोबर रद्द झालं. कुटुंब नसताना कुणाचंही नाव टाकता येतं. कुटुंब झालं की ते नॉमिनेशन बाद. आणि पेन्शन तर सरळ विधवेचीच, तिथं अण्णा येतच नाही.

भाची : पेन्शनला नाही येत. पण लिक्विडेटरकडून पगाराची थकबाकी, ग्रॅच्युइटी निघाली तर वारस बघतील. वारसांत आई, मी आणि आजीही. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मालमत्तेत आईचाही सारखा हिस्सा. आजी संगमेश्वरला अण्णाकाकाकडे आहे. कोर्टाचा वारस दाखला काढायचा, १८२७ च्या त्या जुन्या रेग्युलेशनखाली, तर आजीची सही लागेल. म्हणजे अण्णाकाकाची परवानगी. आई आणि काकू पाच वर्षं बोलत नाहीत. सत्तावन्न हजारांसाठी ते दार उघडायचं?

मामा : (बराच वेळ काही न बोलता) ते दार मी नाही उघडणार. ते ताईनं ठरवायचं.

मामाचं हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण हक्काची भाषा बोलणारे लोक घरातल्या हिशोबांकडे सहसा बघत नाहीत. पैसा कुणाचा हे कायदा सांगतो. तो मागायला कुणाची किती मोडतोड होते हे कुठल्याच फॉर्मवर लिहायची सोय नाही. त्याच वेळी एक गोष्ट भाचीच्या विरुद्ध सांगायला हवी. ती "थांबू या" म्हणते तेव्हा तिला वाटतं की थांबायला काही पडत नाही. पडतं. एखाद्या मयताचा पीएफ तसाच राहिला आणि छत्तीस महिन्यांत कुणी मागितला नाही, तर ते खातं निष्क्रिय धरून व्याज थांबवतात. आणखी सात वर्षं गेली की रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही ती पंचवीस वर्षं मागता येते, हे खरं. कायदा अशा ठिकाणी बराच उदार आहे. ग्रॅच्युइटीचा अर्जही नुसत्या उशिरापायी बाद होत नाही. पण कागद उदार नसतो. कंपनी विसर्जित झाली की पाच वर्षांनी तिच्या वह्या सांभाळायची जबाबदारी लिक्विडेटरवरही उरत नाही. मस्टर, पगारपत्रकं, रजेची रजिस्टरं रद्दीत जातात. हक्क शिल्लक आणि पुरावा रद्दीत, अशा अवस्थेतली माणसं या राज्यात गिरणगावापासून ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यापर्यंत सापडतील.

भाची : कंपनी अजून विसर्जित झालेली नाही. मी बघितलं. "लिक्विडेशनमध्ये" असंच दाखवतंय.

मामा : कधी बघितलंस?

भाची : काल रात्री. आई कागद लावत बसली होती तेव्हा. मला झोप येत नव्हती.

मामा : म्हणजे वह्या अजून असतील.

भाची : असतील. कुठल्या तरी गोदामात, वाळवी लागलेल्या. ऐक आता माझं. पेन्शनचा अर्ज मी या आठवड्यात भरते. साक्षांकन आईच्या बँकेतल्या मॅनेजरचं घेते. महिन्याच्या सत्तावीस तारखेला पीएफवाल्यांचा "निधी आपके निकट" असतो, तिथं आईला घेऊन तू जा. तुला तिथं बोलता येतं, मला राग येतो.

मामा : आणि लिक्विडेटर?

भाची : तिथं मी पैसे मागणार नाही. आईचा दावा, आजीची सही, यातलं काही नाही. मी फक्त नकला मागणार. बाबांच्या नावाचं मस्टरचं पान, शेवटचं पगारपत्रक आणि युनियननं दिलेल्या यादीतलं ते पान, नाव असलं तर.

मामा : नाव असलं तर मग?

भाची : मग आईला दाखवीन. तू मध्ये बोलायचं नाहीस.

मामा : यादीतलं नाव "बाळकृष्ण"च्या ऐवजी "बाळू" असेल, ते आधी बघ. मस्टर क्लार्क तेवढंच लिहायचे. आणि अर्जावर तिकीट नंबर घाल, नाहीतर तिथला माणूस नावावरून शोधत बसायचा नाही. नंबर आहे ना पिशवीत?

भाची : ईएसआयच्या कार्डाच्या मागं पेन्सिलनं लिहिलाय. चार आकडे वाचता येतात, पाचवा पुसट आहे. तीन की आठ ते कळत नाही.

मामा : दोन्ही नंबरांचे अर्ज कर.